पापक्षमा, ख्रिस्ती

पापक्षमा, ख्रिस्ती : पश्चात्तापी मनुष्याच्या पापांची देवाने केलेली क्षमा. ही क्षमा स्वतःच्या पुण्याईने मिळत नाही, येशू ख्रिस्ताच्या वधस्तंभावरील मरणामुळे देवाच्या कृपेने मिळते, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. लूकच्या शुभवर्तमानातील (अध्याय १५) उधळ्या पुत्राच्या दाखल्यात मुलगा तोंड उघडण्याआधीच बाप धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो. क्षमा देवाचीच, याबद्दल पंथोपपंथांत दुमत नाही. ती देवाच्या नावाने देण्याचा अधिकार चर्चला कितपत आहे, याबद्दल आहे.

कार्थेजचा वाद : बाप्तिस्म्याने आधीची पापे धुतली जातात, नंतरच्या घोर पापाचे काय, हा प्रश्न तिसऱ्या शतकात ऐरणीवर आला. रोमन सम्राट डीशियस याने इ.स. २५० च्या सुमारास सर्व प्रजेला देवांपुढे बळी देण्याचा हुकूम केला. बळी देणाऱ्यास दाखला मिळे. ईजिप्तमध्ये पपायरसवरील असे चाळीसहून अधिक दाखले सापडले आहेत. अर्जदाराचे नाव, गाव, आपण नेहमीच देवांना भजत आलो असून आताही बळी दिला व प्रसाद चाखला हे निवेदन, खाली साक्षीदार अधिकाऱ्यांच्या सह्या, असा त्यांचा ठराविक मजकूर. (हे सर्व अर्जदार ख्रिस्तीच होते असे नव्हे.) अनेक ख्रिस्ती लोकांनी जिवाच्या भीतीने बळी दिला, काहींनी बळी न देता पैसे चारून नुसता दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर दोघेही चर्चच्या दारात उभे राहिले.

श्रद्धेपायी तुरुंग भोगलेले लोक अशांसाठी शिफारसपत्रे देत. ‘अमुक यास त्याच्या माणसांसह घ्यावे’ अशा मोघम पत्रांबद्दल उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचा बिशप सिप्रियन याने पत्रांतून तक्रार केली आहे. कार्थेजच्या २५१ च्या धर्मसभेत मधला मार्ग निघाला : नुसता दाखला घेतलेल्यांना चौकशीअंती परत घ्यावे, प्रत्यक्ष बळी दिलेल्यांना प्रायश्चित्तानंतर मृत्युशय्येवर. पुढे नव्या छळाची चाहूल लागताच (२५२ किंवा २५३) प्रायश्चित्त करणाऱ्या सर्वांनाच घेण्यात आले. रोममधील धर्मगुरू नोव्हेशियन याला मात्र अशांना परत घेणेच अमान्य होते व त्याचा वेगळा पंथ झाला. सिप्रियनची पत्रे वाचताना कायद्याचा काथ्याकूट कमी आणि आपली माणसे दुरावतील ही तळमळ अधिक जाणवते; पापक्षमेच्या इतिहासात या वादाइतके मोलाचे प्रकरण दुसरे नाही.

उत्तरकाल : आयरिश मठवासीयांनी पापागणिक प्रायश्चित्त नेमून देणारे ग्रंथ रचले; धर्मगुरूपाशी खासगी पापनिवेदन करण्याची रीत त्यांच्यामुळे यूरोपभर रुजली. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मसभेने हे पापनिवेदन वर्षातून एकदा सक्तीचे केले व ऐकलेली पापे उघड करणाऱ्या धर्मगुरूस पदच्युतीची शिक्षा सांगितली. पापदंडमुक्तीच्या विक्रीविरुद्ध मार्टिन ल्यूथरने १५१७ मध्ये ९५ प्रमेये मांडली. ट्रेंटच्या धर्मसभेने १५५१ मध्ये प्रायश्चित्त हा संस्कारच असल्याचे पुन्हा ठासून सांगितले. प्रॉटेस्टंट पंथीय सामान्यतः थेट देवापाशी किंवा उपासनेत सामुदायिक कबुली देतात.

गोव्यातील कॅथलिक समाजात पापनिवेदनास कुमसार म्हणतात.