कंपनीची डिझेल बुलेट : ॲव्हरेज सत्तरच्या वर, तरी कुणालाच नको झालेली गाडी

मोबाईलवर अधूनमधून एक व्हिडिओ फिरत येतो. जुनी बुलेट, टाकीत डिझेल, शेतातल्या इंजिनासारखा टक-टक आवाज आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘८५ चं ॲव्हरेज’. बघणाऱ्याला वाटतं, कुणीतरी जुगाड केलाय. बऱ्याचदा तो जुगाडच असतो. पण कंपनीनं स्वतः बनवून शोरूममधून विकलेली डिझेल बुलेटही भारतात होती. तिचं नाव टॉरस. मोठ्या संख्येनं बनलेल्या डिझेल मोटारसायकली जगात जवळपास नाहीतच, त्यात हिचं नाव सगळ्यात आधी घेतलं जातं.

एवढा मान असूनही ती कुणाच्या लाडाची झाली नाही. आज जुन्या पेट्रोल बुलेटला, राजदूत ३५०ला, येझदीला शौकीन लोक शोधत फिरतात. डिझेलवाली मात्र गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली पडून असते.

एनफिल्डनं बुलेटच्या चासीत ३२५ सीसीचं, एका सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं डिझेल इंजिन बसवलं. ते ग्रीव्हज-लोम्बार्डिनीचं होतं. लोम्बार्डिनी ही इटलीची कंपनी आणि ग्रीव्हजचा हलक्या इंजिनांचा कारखाना आपल्या मराठवाड्यातला, औरंगाबादचा (आताचं छत्रपती संभाजीनगर). पाणी उपसायला, जनरेटरला जशी छोटी इंजिनं लागतात, त्याच जातकुळीचं हे इंजिन. म्हणजे ‘शेतातलं इंजिन बुलेटला लावलंय’ ही थट्टा तशी खरीच होती.

आता नायगावसारख्या ठिकाणाहून ही गाडी कशी दिसत असेल बघा. नायगाव ते नांदेड जाऊन-येऊन साधारण १०० किलोमीटर. पेट्रोल बुलेट लिटरला तीसेक किलोमीटर जायची, डिझेलवाली ७० च्या वर. त्यातही त्या काळी डिझेल सरकारी दरानं मिळायचं, पेट्रोलच्या निम्म्या किमतीच्या आसपास. दोन्ही गोष्टी एकत्र केल्या तर तोच प्रवास पेट्रोल बुलेटच्या जवळपास पाचव्या हिश्शाच्या खर्चात व्हायचा. शिवाय ज्याच्याकडे मोटेची जागा इंजिनानं घेतली होती किंवा ट्रॅक्टर होता, त्याच्या घरी डिझेलचा कॅन असायचाच. पंपावर जायचीही गरज नाही.

दुसरी गोष्ट दुरुस्तीची. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो, कार्बोरेटर नसतो. हवा इतकी दाबली जाते की ती प्रचंड तापते आणि त्यात डिझेल फवारलं की आपोआप पेट घेतं. पावसाळ्यात प्लग भिजून गाडी बंद पडली, हा प्रकारच नाही. बिघडण्यासारख्या जागा मोजक्या : डिझेल पंप, नोझल आणि नळीत धरलेली हवा. पाण्याचं इंजिन खोलणाऱ्या मिस्त्रीला या तिन्ही गोष्टी तोंडपाठ असतात. म्हणून बुलेटचा खास मेकॅनिक नसलेल्या गावातही ही गाडी जगू शकली.

मग घोडं अडलं कुठं?

ताकदीत. डिझेल म्हटलं की आपल्याला ट्रक आठवतो, ट्रॅक्टर आठवतो, म्हणून वाटतं की ही बुलेट डोंगर ओढेल. प्रत्यक्षात तिची ताकद साडेसहा हॉर्सपॉवर. पेट्रोल बुलेट १८ ची. आणि वजन १९६ किलो! १९८५ साली आलेली हिरो होंडा सीडी १०० घ्या, ९७ सीसीच्या इंजिनातून तिला सात हॉर्सपॉवरच्या आसपास मिळायची आणि ती वजनाला डिझेल बुलेटच्या निम्म्याच्या जवळपास. म्हणजे नाव बुलेट, रुबाब बुलेटचा, पण ओव्हरटेक करायची वेळ आली की शंभर सीसीवालाही पुढे निघून जाणार.

याचं कारण इंजिनाच्या फेऱ्यांत आहे. हे इंजिन मिनिटाला ३६०० फेऱ्यांवर थांबतं. डिझेल जळायला थोडा वेळ लागतो, आतले भागही जड असतात, त्यामुळे ते पेट्रोल इंजिनासारखं वर चढत नाही. पंपाला हे चालतं, कारण पंप दिवसभर एकाच गतीनं फिरतो. मोटारसायकलला गती सारखी बदलावी लागते. ६५ च्या पुढे ही गाडी जात नाही, आणि ६५ वर चालवणंही सुखाचं नाही. एकच सिलिंडर, त्यात जबरदस्त दाब, त्यामुळे प्रत्येक ठोका हँडलपर्यंत पोचतो. नट ढिले होतात, आरसा थरथरतो, दोन तासांनी हात बधिर होतात. जुन्या अरुंद रस्त्यावर बैलगाड्यांच्या मागून जाताना ६५ चा वेग पुरत होता. आज नांदेड-देगलूर रस्त्यावर मागून येणारा हैदराबादचा ट्रक तेवढा धीर धरत नाही. गाडीला पुढे-मागे ड्रम ब्रेक आहेत, हेही लक्षात असू द्या.

किक मारणं ही वेगळी कला. इंजिनाचा दाब सोडायला एक छोटी लिव्हर असते. ती धरून किकनं इंजिन फिरवायचं, गती आली की लिव्हर सोडायची. अंदाज चुकला तर किक उलटी पायावर येते.

खरा घाव मात्र स्वस्ताईवर बसला. डिझेल बुलेटची एकच बाजू भक्कम होती, खर्च. हिरो होंडानं लिटरला ८० किलोमीटरचा दावा केला आणि तोही हलक्या, बिनआवाजाच्या, एका किकमध्ये सुरू होणाऱ्या गाडीत. बाजार तिकडे गेला. पुढे प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि २००० च्या सुमारास टॉरस बंद झाली. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटले, तेव्हा उरलेली मजाही गेली. आज डिझेल ९२ आणि पेट्रोल १०५ रुपये धरा. नायगाव-नांदेड फेरीला डिझेल बुलेटला साधारण १३० रुपये लागतील, लिटरला ६० जाणाऱ्या शंभर सीसीला १७५. एका फेरीमागे वाचले ४५ रुपये, आणि त्यासाठी वाटभर हादरे. एकदा नोझल-पंपाचं काम निघालं की महिनोन् महिन्यांची बचत त्यात जाते. (डिझेलमध्ये रॉकेल मिसळून ती आणखी स्वस्तात पळवायचा उद्योग पूर्वी व्हायचा. तो करू नका. पंपाला वंगण डिझेलमधूनच मिळतं, रॉकेलनं पंप झिजतो.)

तरीही कुणी विकायला काढली आणि तुमचा जीव तिच्यावर आला, तर आवाज ऐकण्याआधी आरसी बघा. इंधनाच्या रकान्यात ‘डिझेल’ असेल आणि इंजिन नंबर, चासी नंबर जुळत असतील तरच ती कंपनीची गाडी. ‘पेट्रोल’ लिहिलं असेल तर कुणीतरी नंतर इंजिन बदललंय. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असे बदल परवानगीशिवाय करू देत नाही. अपघात झाला तर विम्याचा दावा याच मुद्द्यावर अडकू शकतो. टॉरस दिसली की ‘विंटेज आहे’ असं विकणारा हमखास म्हणतो. २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार विंटेज म्हणजे ५० वर्षांहून जुनी गाडी. नव्वदच्या दशकातल्या गाडीला तो मान २०४० नंतर मिळेल. तोवर १५ वर्षांनंतरची फेरनोंदणी, पर्यावरण कर, पीयूसी हे सगळं साध्या गाडीसारखंच. पीयूसीसाठी डिझेलचा धूर मोजायचं यंत्र असलेलं केंद्र शोधा, पेट्रोल गाड्यांच्या यंत्रावर ही गाडी तपासता येत नाही.

सुट्या भागांचं म्हणाल तर ब्रेक, केबल, चाकं यांसाठी बुलेटचं दुकान आणि इंजिनासाठी पंप-जनरेटरवाल्याचं दुकान, असे दोन उंबरे झिजवावे लागतात. बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असतानाच सुरू करून दाखवा म्हणा. गरम इंजिन कुठलंही सुरू होतं. थंड असताना दोन-तीन किकमध्ये लागलं आणि सुरुवातीचा धूर मिनिटभरात विरळ झाला, तर दाब शाबूत आहे. धूर निळा असेल आणि थांबतच नसेल तर इंजिन ऑइल खातंय. तेव्हा भावातून इंजिनकामाचे पैसे आधीच वजा करा.