सभागृह आणि मांडव : विदर्भातील संगीतश्रवणाच्या दोन स्थळांचा विचार

१

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यात, नागझिऱ्याच्या डोंगरांच्या पायथ्याशी चोरखमारा हे गाव आहे. जवळचा तलाव आणि १९७० साली घोषित झालेल्या नागझिरा अभयारण्याचे एक प्रवेशद्वार, या दोन गोष्टींमुळे बाहेरच्या माणसास त्याचे नाव ठाऊक असते. संगीताच्या इतिहासात मात्र या गावाचे अथवा त्याच्यासारख्या दुसऱ्या कोणत्याही गावाचे नाव आढळत नाही. आपल्याकडील संगीताचा इतिहास प्रथम दरबारांचा, नंतर घराण्यांचा आणि विसाव्या शतकापुरता बोलावयाचे तर नगरांतील सभागृहांचा इतिहास आहे. विदर्भापुरता विचार केला तरी नागपुरातील मैफली, संगीत विद्यालये व समारोह यांपुढे तो सहसा जात नाही.

नागपूर चोरखमाऱ्यापासून शंभराहून अधिक किलोमीटरांवर आहे. तेथे शास्त्रीय संगीताच्या मैफली होतात, गझलांचे व भावगीतांचे कार्यक्रम होतात. झाडीच्या गावांत दिवाळीनंतर मंडई भरते, दंडार उभी राहते आणि रात्रभर चालणारे संगीतप्रधान नाटक होते. ही दोन जगे परस्परांस अपरिचित आहेत असा सर्वसाधारण समज आहे. तो ऐतिहासिक दृष्ट्या टिकणारा नाही. सभागृह आणि मांडव ही एकाच इतिहासाची दोन अंगे असून, त्यांच्यात आज दिसणारे अंतर संगीताच्या स्वभावातून नव्हे, तर संस्थांच्या घडणीतून निर्माण झाले आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

२

नागपूरच्या सभागृहाचा विचार करण्यापूर्वी मैफल सभागृहात कशी आली हे पाहिले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गवयाचे गाणे हे दरबारात, धनिकाच्या दिवाणखान्यात, देवळात किंवा गायिकेच्या कोठीवर ऐकावयाचे असे. श्रोता निमंत्रित असे आणि मोबदला यजमान देई. ही व्यवस्था प्रथम ढिली झाली ती मुंबई-पुण्यासारख्या नगरांत. १८७० साली मुंबईस पारशी गायनोत्तेजक मंडळी स्थापन झाली. १८७४ साली पुण्यास गायन समाज निघाला. सुशिक्षित गृहस्थांनी वर्गणी काढून संगीत ऐकावे व शिकावे, ही कल्पना या संस्थांनी रुजविली. पुढे विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२-१९३१) यांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले. तिकीट लावून जाहीर गायन करण्याची प्रथा प्रतिष्ठित करण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी १९१६ साली बडोद्यास भरविलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेने शास्त्रचर्चा आणि गायन यांना एका व्यासपीठावर आणले.

या इतिहासाची ही बाजू सुपरिचित आहे. तिच्या शेजारची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची असूनही तिच्याकडे मैफलीच्या इतिहासकारांनी पुरेसे पाहिलेले नाही. महाराष्ट्रातील सामान्य माणसाने रागदारीचे गाणे तिकीट काढून प्रथम ऐकले ते बहुतांशी मैफलीत नव्हे, नाटकात. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले व १८८२ साली ‘सौभद्र’ आले. १९११ च्या ‘मानापमाना’स गोविंदराव टेंब्यांच्या चाली लाभल्या, १९१६ च्या ‘स्वयंवरा’स भास्करबुवा बखल्यांच्या. यांतील अनेक पदे रागांच्या व प्रसिद्ध चिजांच्या आधारे बांधलेली होती. ज्यास ‘यमन’ किंवा ‘भीमपलास’ या नावांचा अर्थ सांगता आला नसता, असा प्रेक्षक त्या रागांतील पदास ‘वन्स मोअर’ देत होता. तात्पर्य, जाहीर मैफलीस लागणारा श्रोता नाटकाच्या मांडवात तयार झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

१९३२ साली मराठी बोलपट आला आणि संगीत नाटक मंडळ्यांचा आर्थिक पाया खचत गेला. नगरांत नाट्यपद नाटकापासून सुटले व मैफलीच्या उत्तरार्धात, ध्वनिमुद्रिकांत आणि नभोवाणीवर जाऊन बसले. झाडीत मात्र ते नाटकातच राहिले. पुढील सर्व भेद या एका घटनेतून समजून घेता येतात.

३

नागपूर १८६१ पासून मध्य प्रांताची राजधानी होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते स्थान गेले, आणि १९६० साली विदर्भ महाराष्ट्र राज्याचा भाग झाला. परंतु राजधानीपणाच्या काळात वाढलेला शिक्षक, वकील व सरकारी नोकर यांचा वर्ग शहरात होताच. संगीत विद्यालये व संगीत मंडळे यांस आधार मिळाला तो या वर्गाचा. १६ जुलै १९४८ रोजी नागपूर आकाशवाणी केंद्र सुरू झाले आणि स्थानिक कलावंतास दरबाराऐवजी शासन हा नवा आश्रयदाता मिळाला.

या नव्या आश्रयदात्याने संगीताबरोबर संगीताचे वर्गीकरणही आणले. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणीमंत्री होते. त्यांच्या धोरणाने शास्त्रीय संगीतास राष्ट्रीय कार्यक्रमाचे स्थान मिळाले व चित्रपटगीतांस काही काळ मज्जाव झाला. कलावंतांची चाचणी घेऊन त्यांस ‘शास्त्रीय’, ‘सुगम’ अथवा ‘लोकसंगीत’ अशा वर्गांत बसविण्याची पद्धत रूढ झाली. कार्यालयीन सोयीसाठी केलेले हे कप्पे श्रोत्यांच्या मनात हळूहळू संगीताच्या अंगभूत जाती म्हणून स्थिर झाले. सभागृहांच्या कार्यक्रमपत्रिकाही त्याच कप्प्यांनुसार आखल्या जाऊ लागल्या.

ज्या गायकाचे नाव नागपूरने आपल्या एका प्रमुख सभागृहास दिले, त्याचे चरित्र या कप्प्यांत बसत नाही, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. डॉ. वसंतराव देशपांडे (१९२०-१९८३) यांचा जन्म मूर्तिजापूरचा. संगीताचे आरंभीचे शिक्षण त्यांनी नागपुरात शंकरराव सप्रे यांजकडे घेतले. बालवयात ते ‘कालिया मर्दन’ (१९३५) या चित्रपटात कृष्णाच्या भूमिकेत दिसले. पुढे सुरेशबाबू माने, अमानअली खाँ इत्यादींकडून त्यांनी तालीम घेतली, आणि दीर्घकाळ लष्करी हिशेब खात्यात नोकरी केली. ख्याल, ठुमरी, नाट्यपद व लावणी या सर्व प्रांतांत त्यांचा संचार होता. त्यांस अफाट लोकप्रियता मिळाली ती एका नाटकाने. १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या ‘कट्यार काळजात घुसली’ मधील खाँसाहेबांची भूमिका ती होय.

१९८६ साली नागपुरास दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र स्थापन झाले. वसंतरावांच्या स्मृतिप्रीत्यर्थ, ३० जुलै या त्यांच्या पुण्यतिथीच्या सुमारास, केंद्रातर्फे संगीत समारोह भरविला जातो व त्यात देशभरचे गायक-वादक हजेरी लावतात. २०१७ साली रेशीमबागेत दुसरे मोठे सभागृह उघडले. त्यास गझलकार सुरेश भट (१९३२-२००३) यांचे नाव देण्यात आले. एक सभागृह गवयाच्या नावाचे आणि दुसरे कवीच्या. नागपूरच्या अभिरुचीचे शास्त्रीय व समकालीन असे दोन ध्रुव या दोन नावांत अभावितपणे नोंदले गेले आहेत.

४

आता पूर्वेकडे वळू. भंडारा, गोंदिया (हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला), चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतील धान पिकविणाऱ्या वनमय प्रदेशास झाडीपट्टी म्हणतात. तलाव, धान आणि जंगल ही त्याची तीन लक्षणे. येथील श्रोता अनेकभाषी आहे. झाडीबोली, पोवारी, गोंडी व हिंदी या भाषा एकाच बाजारात कानी पडतात.

येथील संगीताचे वर्ष पंचांगापेक्षा पिकाने ठरते. हलके धान निघाले, दिवाळी झाली, की भाऊबीजेच्या सुमारास मंडया भरू लागतात. मंडई म्हणजे नुसता बाजार नव्हे. सासरी गेलेल्या मुली, जावई, पाहुणे यांनी गावी यावयाचा तो दिवस असतो, आणि पाहुण्यांस रात्री काही ‘दाखविणे’ हे गावाचे कर्तव्य समजले जाते. त्यातून दंडार, खडी गंमत व नाटक यांची रात्र उभी राहते. दंडार हा गीत, नृत्य व कथा यांनी युक्त खेळ होय. परंपरेने तो पुरुषांनीच करावयाचा. स्त्रीभूमिकाही तेच करतात. खडी गंमत ही तमाशाच्या कुळातील असून तीत शाहीर व त्याचे साथीदार उभ्याने गातात, म्हणून ती ‘खडी’. यांच्या जोडीस भजनी मंडळांची परंपरा आहे, आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (१९०९-१९६८) खंजिरी भजनाने तिला विसाव्या शतकात नवा जोम दिला.

या सर्वांच्या वर नाटक. झाडीपट्टीच्या नाटकात आरंभी पौराणिक व ऐतिहासिक विषयांचे प्राबल्य होते. पुढे सामाजिक विषय आले. तथापि गाणे कधी सुटले नाही. ऑर्गन व तबला यांच्या साथीने नट स्वतः गातो, आणि प्रेक्षक गाण्यावरून नटाची पारख करतो. अलीकडे विजेवर चालणारी वाद्येही साथीस आली. पूर्वी गावची हौशी मंडळीच नाटक बसवीत. नंतर व्यावसायिक मंडळ्या झाल्या व गोंदिया-बल्लारशा लोहमार्गावरील वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे त्यांचे केंद्र बनले. गावातील मंडळ वडशास जाऊन नाटक ठरविते, मांडव घालते, तिकिटे विकते. रात्री उभा राहिलेला पडदा पहाटेस उतरतो. शंकरपटाचा दिवस असेल तर दिवसा बैलांच्या शर्यती आणि रात्री नाटक, असा क्रम. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने शंकरपट बंद झाले तेव्हा नाटकांच्या हंगामाचा हा एक आधार गेला. बंदी उठल्यावर तो पुन्हा मिळाला. २०२३ साली परशुराम खुणे यांना ‘पद्मश्री’ मिळाली आणि या रंगभूमीची दखल प्रथमच इतक्या उच्च पातळीवर घेतली गेली.

५

सभागृह व मांडव यांची तुलना तीन दृष्टींनी करता येईल.

पहिली दृष्टी काळाची. हिंदुस्थानी रागव्यवस्थेत प्रहरांस महत्त्व आहे. १९५३ साली पुण्यास सुरू झालेला सवाई गंधर्व महोत्सव दीर्घकाळ रात्र-रात्र चाले, आणि उत्तररात्रीचे व पहाटेचे राग त्यांच्या वेळी ऐकावयास मिळत. ध्वनिप्रदूषणाविषयीचे २००० सालचे नियम व त्यावरील न्यायालयीन निर्णय यांनंतर रात्री दहाची मर्यादा कडक झाली, आणि नगरातील मैफल संध्याकाळच्या तीन-चार तासांत आकुंचित झाली. मालकंस, दरबारी यांसारखे राग ध्वनिक्षेपकावर त्यांच्या वेळेपूर्वी गाणे भाग पडू लागले. रात्र जागून गाणे ऐकण्याची जी सवय शास्त्रीय संगीताचे वैशिष्ट्य मानली जाई, ती आज सभागृहापेक्षा झाडीच्या मांडवातच अधिक टिकून आहे.

दुसरी दृष्टी द्रव्याची. सांस्कृतिक केंद्राच्या अनेक कार्यक्रमांस प्रवेशमूल्य नसते. खर्च शासन करते. झाडीतील शेतकरी व मजूर मात्र धानाच्या पैशातून तिकीट काढून नाटकास बसतात. म्हणजे ज्या संगीतास ‘अभिजात’ म्हणतात ते सार्वजनिक निधीवर उभे आहे, आणि ज्यास ‘लोक’ म्हणतात ते श्रोत्यांच्या खिशातून चालते. शास्त्रीय संगीतास आश्रय देऊ नये, असा याचा अर्थ नव्हे; तो दिलाच पाहिजे. परंतु आश्रयाच्या अभावी टिकलेल्या परंपरेस गौण समजण्याचे कारण नाही. असा आश्रय नसल्याने तिचे हालही होतात. २०२० साली साथीच्या रोगामुळे मांडव उठले, तेव्हा हंगामावर पोट असणाऱ्या नट-वादकांस दुसरा आधार नव्हता.

तिसरी दृष्टी वर्गीकरणाची, आणि हीच सर्वांत महत्त्वाची. सभागृहात एका संध्याकाळी ख्याल, दुसऱ्या संध्याकाळी गझल, तिसऱ्या दिवशी लोककला असा क्रम असतो. दंडार नगरात आणली जाते तेव्हा तिला काही मिनिटे मिळतात, आणि रात्रभराचा खेळ नमुन्यापुरता उरतो. मांडवात याच्या उलट आहे. तेथे एकाच रात्रीत रागाच्या अंगाने जाणारे पद येते, नव्या धाटणीचे गीत येते, लावणी येते. आणि श्रोता त्यांत जातिभेद करीत नाही. याचे कारण त्याचे अज्ञान असे मानण्याची प्रथा आहे. वस्तुतः ‘सौभद्र’ व ‘मानापमान’ यांच्या काळातील पुणेकर आणि मुंबईकर श्रोताही असाच होता. झाडीचा श्रोता मागासलेला नाही. नभोवाणीच्या कप्प्यांनी ज्याची विभागणी केली नाही असा तो जुना मराठी श्रोता आहे.

६

उपर्युक्त विवेचनावरून असे दिसून येईल की, शास्त्रीय व समकालीन यांतील जी सीमा आज आपण गृहीत धरतो ती फार जुनी नाही. संगीत मंडळे, आकाशवाणी व सभागृहे यांनी ती आखली, आणि नगरात ती पक्की झाली. वसंतराव देशपांडे यांच्यासारखा गायक ती सीमा सहज ओलांडी. त्यांच्या गाण्याचे हे अंग मैफलीच्या इतिहासापेक्षा नाटकाच्या इतिहासातून अधिक नीट उलगडते.

म्हणून विदर्भाच्या संगीतेतिहासाची साधने गोळा करताना कार्यक्रमपत्रिका व ध्वनिमुद्रिका यांवर थांबून चालणार नाही. गावोगावच्या मंडळांच्या जमाखर्चाच्या वह्या, नाटकांची जाहिरातपत्रके, ऑर्गनवादकांनी चाली टिपून ठेवलेली बाडे, वृद्ध शाहिरांच्या मुखातील गीते ही तितकीच प्रमाणभूत साधने आहेत. कागद वाळवीच्या तोंडी आहे व माणसे वयाच्या; या कामास मुदत फार नाही. झाडीबोलीच्या अभ्यासकांनी, विशेषतः डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी, भाषा व लोकरंगभूमी यांच्या बाबतीत हा मार्ग आखून दिला आहे. संगीताच्या अभ्यासकांनी त्या मार्गाने जाणे अवश्य आहे. नागपूरच्या सभागृहात कोण गायले याची नोंद बहुधा कोठे तरी राहीलच. चोरखमाऱ्यासारख्या गावाच्या परिसरात, मंडईच्या रात्री, कोणते पद तीनदा म्हणावे लागले, ही नोंद मात्र आज केली नाही तर पुढे कोणास करता येणार नाही.