घरची शाळा आणि आईच्या कांड्या



गेल्या विकांताला गावी गेलो होतो. गाव म्हणजे कबनूर, जिल्हा कोल्हापूर. इचलकरंजीला इतकं खेटून आहे की इचलकरंजी कुठे संपली आणि कबनूर कुठे सुरू झालं हे नवख्या माणसाला कळत नाही. दोन्हीकडे तीच मागांची खटखट.

तर झालं असं, माझी लेक आता साडेचार वर्षांची आहे. हापिसातल्या एका मित्राने आपल्या मुलाला शाळेत घालायचंच नाही असं ठरवलंय. मूल घरीच राहील, त्याला आवडेल ते त्याच्या वेगाने शिकेल आणि पुढे मुक्त विद्यालयाच्या परीक्षा देईल. ऐकून मी भारावलोच. चार वर्षं इंजिनियरिंग करून मी जे शिकलो, त्यातलं कामाला येणारं निम्म्याहून जास्त रात्री जागून स्वतःच शिकलोय. मग शाळा हवी कशाला? घरी जेवताना मोठ्या उत्साहाने हे सगळं आईला सांगितलं.

आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ह्यात नवीन काय रं? आमचं शिक्षाण बी घरातच झालं की. चौथीतनं काढलं आनि कांड्या भराय बसवलं."

माझा घास हातातच राहिला. आई कांडीवाली होती हे मला माहीत होतंच, आमच्या भागात घरोघरी बायका कांड्या भरत आल्यात. पण 'घरी शिकणं' ह्या शब्दांचा हा अर्थ माझ्या डोक्यातही आला नव्हता. पुण्याला परत आल्यावर ह्याच विषयावर वाचत बसलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

घरच्या शाळेचं आपल्याकडचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. तरुणपणी ते आपल्या गुरूंबरोबर पुण्याला पेशव्यांच्या वाड्यात जात. दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला गुरुजी संस्कृत शिकवतात हे त्यांनी तिथे पाहिलं आणि बाईसुद्धा हे शिकू शकते ही गोष्ट त्यांच्या डोक्यात पक्की बसली. पुढे त्यांनी दुसरं लग्न केलं तेव्हा ते चव्वेचाळीस वर्षांचे आणि बायको लक्ष्मीबाई नऊ वर्षांची. (हो, हेही त्याच काळातलं.) तिला संस्कृत शिकवायला घेतलं म्हणून समाज उलटला. शेवटी ते पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. १८५८ साली रमाबाईंचा जन्म तिथलाच.

पुढे हे कुटुंब पुराण सांगत तीर्थाटनाला निघालं. रमाबाई शाळेत कधी गेल्याच नाहीत. वडील थकले होते, म्हणून आठव्या वर्षापासून आईनेच शिकवायला घेतलं. पहाटे, घरकामाला लागायच्या आधी. भागवताचे हजारो श्लोक पाठ झाले. कन्नड, हिंदी, बंगाली ह्या भाषा फिरता फिरता कानांवरून आल्या. १८७८ साली कलकत्त्याला पोचल्या तेव्हा वय वीस. तिथल्या पंडितांनी त्यांची परीक्षा घेतली आणि 'पंडिता' व 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या. शाळेचं तोंड न पाहिलेली मुलगी! इथपर्यंत वाचून मला वाटलं, चला, आईला द्यायला उत्तर मिळालं :)

पण मधली काही वर्षं मी गाळली. ती सांगायलाच हवीत.

१८७४च्या सुमारास दुष्काळ पडला. पुराण ऐकायला लोक उरले नाहीत, दक्षिणा आटली. घरात पाच माणसं, त्यातली बहुतेक विद्वान, पण पोट भरेल असं एकही काम कुणाला येत नव्हतं. वडिलांनी मुलांना धर्मग्रंथ शिकवले. इंग्रजी आणि संसारी विद्या मात्र मुद्दाम लांब ठेवल्या, त्याने मुलं बाटतील अशी भीती होती. मजुरी करायला लाज वाटायची, भीक मागायचीही लाज. त्या काळात वडील, आई आणि मोठी बहीण एकामागोमाग गेले. उरलेली दोघं भावंडं, रमाबाई आणि श्रीनिवास, चार हजार मैलांहून जास्त पायी फिरली. हे सगळं रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलंय.

म्हणजे बघा, घरच्या शाळेने रमाबाईंना जे दिलं ते दुसरी कुठलीच शाळा त्या काळात देऊ शकली नसती. आणि त्याच शाळेने जे दिलं नाही, त्यापायी घर उपाशी पडलं. घरात असेल तेच घर शिकवणार. घराचं शहाणपण मुलाला मिळतं, आणि घराच्या भीतीसुद्धा मिळतात.

रमाबाईंना हे नेमकं कळलं असावं असं मला त्यांच्या पुढच्या कामावरून वाटतं. अमेरिकेत असताना त्यांनी बालवाडीची पद्धत शिकून घेतली. १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं. नंतर केडगावच्या मुक्ती सदनात पुस्तकांच्या जोडीला शिवण, छपाई, शेती आणि चक्क विणकामसुद्धा शिकवलं जाई. उतारवयात बायबल मराठीत आणण्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतल्या, म्हणजे स्वतः शिकण्याची सवय शेवटपर्यंत सुटली नाही. पण इतर मुलींसाठी त्यांनी संस्थाच उभी केली. ह्यांच्या घरीच कुणीतरी शिकवेल, ह्या भरवशावर त्या राहिल्या नाहीत.

आता ह्याची दुसरी बाजू. १८८२ साली शिक्षणाची पाहणी करायला हंटर आयोग आला. रमाबाईंनी त्याच्यापुढे साक्ष दिली, बायकांसाठी शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हवेत असं सांगितलं. त्याच आयोगाला महात्मा फुल्यांनी निवेदन दिलं, की निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. गंमत अशी की सावित्रीबाईंचं शिक्षण जोतीरावांनी घरीच सुरू केलं होतं! घरी शिकवणं किती ताकदीचं असतं हे फुल्यांना चांगलं ठाऊक होतं. तरी मागणी सक्तीची केली, कारण असा जोतीराव घरोघरी नसतो.

बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ साली राज्यभर सक्ती आणली. कागल आणि कोल्हापुरात शिकलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं, ते पुढच्या वर्षी नामंजूर झालं. आणि १९१७ साली आमच्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मूल शाळेत पाठवलं नाही तर पालकाला महिना एक रुपया दंड! ही सक्ती मुलावर असल्यासारखी दिसते, पण दंड बापाला होता. मुलाला घरी ठेवण्याचा बापाचा हक्क महाराजांनी कमी केला.

त्यानंतर कितीतरी वर्षांनी माझ्या आईला चौथीतून काढलं, तेव्हा कुणी एक रुपयासुद्धा दंड केला नाही. केला असता तर बरं झालं असतं असं आता वाटतं. २००९चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला हक्क देतो, पण तो यायला आईला फार उशीर झाला होता.

मग माझा मित्र चुकतोय का? तसं मला वाटत नाही. त्याच्या घरात पुस्तकं आहेत, वेळ आहे, दोन शिकलेली माणसं आहेत. शाळेत किती वेळ वाया जातो हे तुम्हीआम्ही सगळ्यांनी भोगलंय. आमचे बाबा जॉबर, कुठल्या आयटीआयमध्ये गेले नाहीत. पण मागाचा आवाज जरा बदलला तरी काय बिघडलंय ते सांगतात. हेही घरचंच शिक्षण आणि ते खोटं नाही. फक्त मुलाचं म्हणणं कोण विचारतो, आणि घराबाहेरचं दार उघडं आहे का, हे दोन प्रश्न मी आता आधी विचारतो. रमाबाईंना पहिलं दार आईने उघडून दिलं, दुसरं त्यांनी स्वतः. माझ्या आईला एकही मिळालं नाही.

परवा फोनवर आईला सांगितलं, जूनमध्ये लेकीला शाळेत घालतोय.

आई म्हणाली, "घाल की. आनि घरात शिकवायला तुला कुनी अडवलंय?"

असो. सुट्टीत लेकीला कबनूरला ठेवणार आहे. आजोबांना माग दाखवायचाय, आणि आजीला तिच्याकडून गोष्टी वाचून घ्यायच्या आहेत.