बिऱ्हाड हलकं कशाने होतं?

कमी सामानात लांबचा प्रवास कसा करावा, याचा सल्ला हल्ली कोणीही देतो. कपडे घडी न घालता गुंडाळावेत, बुटांचा एकच जोड न्यावा, विमानात सोबत ठेवायची बॅग सात किलोंच्या आत बसवावी. सल्ला चुकीचा नाही. पण ती सात किलोंची बॅग पुरते, कारण मुक्कामाच्या गावी गादी, चादर, गरम पाणी, इस्त्रीवाला आणि खानावळ आधीच हजर असतात. हे नीट समजून घ्यायचं तर हौशी प्रवाशांना बाजूला ठेवावं आणि दरवर्षी सहा-आठ महिन्यांसाठी घर सोडणाऱ्यांकडे पाहावं. डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या पाड्यापाड्यांत अशी माणसं आहेत. भाताची कापणी-झोडणी उरकली की इथली वारली कुटुंबं ‘जगायला’ बाहेर पडतात. काही पुरुष तर त्याआधीच, पावसाळा सरता सरता बोटींवर गेलेले असतात. त्यांच्या बोचक्यांचा इतिहास तपासला तर असं दिसतं, की ओझं किती असावं हे नेणाऱ्याच्या हुशारीवर थोडं ठरतं आणि पुढच्या मुक्कामी त्याला काय मिळणार आहे यावर फार.

जुन्या वारली घरात हलवायला जड असं फारसं काही नव्हतंच. कारवीच्या कुडाच्या भिंती, त्यावर शेणमातीचा हात, वर गवताचं शाकारणं. आत बांबूची कणगी, मडकी, टोपल्या, उखळ आणि जातं. असं घर मोडून दुसरीकडे उभं करायला जंगल जवळ असलं म्हणजे झालं. दळीची शेती करणाऱ्यांना ते सोयीचंही होतं: डोंगरउतारावर दोन-तीन पिकं घ्यायची, मग जमीन पडीक सोडून पुढचा तुकडा धरायचा. लाकूड, कारवी, कंद, मासे, गवत हे सगळं जिथे जावं तिथे असे, म्हणून ते वाहून न्यावं लागत नसे. जंगल हेच त्यांचं कोठार होतं. १८६४ मध्ये मुंबईहून सुरतेकडे जाणारी रेल्वे डहाणूवरून धावू लागली आणि इथल्या लाकडाला, गवताला मुंबईची बाजारपेठ मिळाली. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलं आखली गेली, दळीला लगाम बसला. कोठाराला कुलूप लागलं आणि जमीन हळूहळू सावकार-जमीनदारांकडे गेली. माणूस तोच, घर तेच, पण आता घराबाहेर पडताना सोबत काय घ्यायचं हा प्रश्न पहिल्यांदा खरोखरचा झाला.

खरं म्हणजे त्याही आधीचा प्रश्न, बाहेर पडता येत होतं का, हा होता. लग्नासाठी जमीनदाराकडून पैसे उचललेला गडी, लग्नगडी म्हणतात तो, बायकोसकट त्या जमीनदाराच्या वाड्यावर राबे आणि कर्ज फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा जन्मभर, तिथून हलू शकत नसे. अशा माणसाचं सामान कमी होतं, पण त्याला हलकं म्हणणं क्रूर ठरेल. २३ मे १९४५ रोजी तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातल्या, आज तलासरीत असलेल्या झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही असं त्यांनी ठरवलं. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर त्या चळवळीत होते. त्याच वर्षी गवतकापणीच्या हंगामात पाचशे रतल गवताला अडीच रुपये मजुरी मिळावी म्हणून संप झाला, आणि १० ऑक्टोबरला तलवाड्याला झालेल्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि त्याचे साथी मारले गेले. इतिहास लिहिणारे या लढ्याचा हिशेब मजुरी आणि जमीन यांत मांडतात, ते योग्यच आहे. पण त्याने आणखी एक गोष्ट दिली: आपलं बोचकं आपण बांधायचं आणि आपल्या मर्जीने उचलायचं, एवढी मोकळीक. सध्याचं हंगामी स्थलांतर या मोकळिकीनंतरचं आहे, मग ते कितीही नाइलाजाचं असो.

आता दोन बोचकी शेजारी ठेवून पाहू. पहिलं वीटभट्टीवर निघालेल्या कुटुंबाचं. डहाणूच्या पूर्व पट्ट्यातून आणि शेजारच्या जव्हार-विक्रमगडातून ही कुटुंबं भिवंडी, वसई, कल्याणकडे जातात. बयाणा पावसाळ्यातच घेतलेला असतो आणि दिवाळीनंतर मालकाचा टेम्पो दाराशी येतो. टेम्पोत तांदळाची आणि नागलीची पोती चढतात, ताडपत्री, हंडे, पातेली, गोधड्या, कोयता, विळा, टोपलीखाली झाकलेल्या कोंबड्या, एखादी शेळी, आणि सगळ्यावर बसलेली पोरं. हे भरणं पाहण्यासारखं असतं. मोठ्या हंड्यात लहान पातेलं, पातेल्यात मिठाची आणि मिरचीची पुरचुंडी, मधल्या फटीत कपडे, म्हणजे भांडं वाजत नाही आणि जागाही वाया जात नाही. गोधडी खाली पसरून वर कपड्यांचा ढीग रचायचा आणि चारही टोकं वर घेऊन गाठ मारायची. तेच बोचकं रात्री उशी होतं आणि सोडलं की अंथरूण. जातं मात्र आता घरीच राहतं, कारण पिठाची गिरणी सगळीकडे आहे. दुसरं बोचकं खलाशाचं. किनाऱ्यालगतच्या गावांतले आणि तलासरीतले अनेक पुरुष वेरावळ, पोरबंदर, ओखा इथल्या मासेमारी बोटींवर कामाला जातात, ऑगस्टपासून मे अखेरपर्यंत. पाठीवरच्या एका पिशवीत दोन-तीन कपडे, चादर, तंबाखू, मोबाईल. बोटीवर रांधायला भंडारी असतो. डिझेल, बर्फ, पाणी, शिधा सगळं मालक भरतो. मागे घरी बायको, आईबाप, शेत आणि गुरं जागच्या जागी असतात.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. हे प्रवासाचं कौशल्य कसलं, ही गरिबी आहे. ज्यांच्याकडे वस्तूच नाहीत त्यांचं सामान कमीच असणार. आक्षेपात तथ्य आहे आणि या कष्टाला शहाणपणाचा मुलामा देण्याचा मोह टाळायलाच हवा. पण वरची दोन बोचकी हा आक्षेप पुरता टिकू देत नाहीत. एकाच पाड्यातले, एकाच ऐपतीचे दोन भाऊ घ्या. एक टेम्पोभर सामान नेतो, दुसरा पिशवीभर. गरिबीनेच ओझं ठरत असतं तर दोघांचं सारखं भरलं असतं. फरक एवढाच, की बोटीवर स्वयंपाकघर आहे आणि भट्टीवर उघडं माळरान. तिथे कच्च्या विटा रचून, वर पेंढा टाकून झोपडं आपलं आपण उभं करायचं असतं. ज्याला पुढच्या मुक्कामी सगळ्यात कमी मिळतं त्यालाच सगळ्यात जास्त वाहून न्यावं लागतं. तलासरीहून रोज उंबरगाव किंवा वापीच्या कारखान्यात जाऊन संध्याकाळी परतणाऱ्याला तर एक डबा पुरतो.

दुसरा आक्षेप आजच्या बाजाराचा. साबण, बादली, ताडपत्री आता कुठल्याही नाक्यावर मिळते, मग घरून पोती लादायची कशाला? उत्तर भट्टीच्या हिशेबात आहे. तिथे दर आठवड्याला मिळते ती खर्ची, बाजारहाटापुरती. विटांच्या हजारावर ठरलेला मेहनताना हंगाम संपल्यावर, बयाणा आणि खर्ची वजा करून हाती पडतो. भट्टीवर विकत घेतलेला प्रत्येक किलो तांदूळ त्या वजाबाकीत जातो. घरून आणलेला जात नाही. म्हणजे टेम्पोतलं पोतं जड असलं तरी तेवढं कर्ज हलकं होतं, आणि कोंबड्या-शेळ्या नेणं तर उघडच शहाणपणाचं: त्यांना गाडीभाड्याशिवाय खर्च नाही आणि अडीनडीला त्या विकता येतात. सुक्या मासळीचंही तेच. ताज्या बोंबिलात बहुतेक पाणीच. डहाणूच्या किनाऱ्यावर बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर वाळला की तो मूठभर वजनाचा होतो, महिनोन्‌महिने टिकतो आणि आठवडे बाजारातून डोंगराकडच्या घरांत पोचतो. वजनाच्या मानाने इतकं पोट भरणारा दुसरा पदार्थ या भागात सापडणं कठीण. सामान भरण्याचं कसब म्हणतात ते इथे आहे, आणि कोणत्याही प्रवासी मार्गदर्शकापेक्षा जुनं आहे.

मग ओझं खरोखर कमी झाल्याची उदाहरणं कोणती? एक कोसबाडच्या टेकडीवरचं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडला नेलं. मुलं शाळेत येत नाहीत, गुरं राखायला जातात, हे दिसल्यावर त्यांनी मुलांना दटावलं नाही. गुरं चरतात त्या कुरणात शाळा नेली. महागड्या साधनांऐवजी बिया, खडे, पानं, शिंपले. मुलाला शाळेसाठी आपली जागा सोडावी लागली नाही, कारण संस्थेनेच आपलं बिऱ्हाड हलकं करून घेतलं. वसईकडे विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर काढलेल्या भोंगाशाळांमागे हाच विचार होता. दुसरं उदाहरण शिधापत्रिकेचं. पूर्वी रेशन गावच्या दुकानालाच बांधलेलं असे; कुटुंब हललं की हक्काचं धान्य मागे राही. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात या जोडीत एका राज्याच्या कार्डावर दुसऱ्या राज्यात धान्य घेण्याची सोय सुरू झाली, देशातल्या पहिल्या दोन प्रयोगांपैकी एक. सीमेवरच्या तलासरीला तिचा अर्थ वेगळा सांगायला नको. उलट काही ओझी वाढलीही. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर समुद्रावर जाणाऱ्याला ओळखपत्राशिवाय गत्यंतर राहिलं नाही, आणि सागरी हद्दीपलीकडे पकडल्या जाणाऱ्या खलाशाला आपण कोण हे सिद्ध करायला तो कागदच कामी येतो. पिशवीत सगळ्यात जपून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेली वस्तू तीच असते.

भट्टीवाल्या कुटुंबासाठी मात्र पुढच्या मुक्कामी अजून फारसं काही ठेवलेलं नाही. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने प्रवासभत्ता, विस्थापन भत्ता, राहायची जागा आणि औषधोपचार यांची जबाबदारी ठेकेदारावर टाकली, पण त्यासाठी राज्याची हद्द ओलांडायला हवी होती. म्हणजे गुजरातच्या सीमेवरचा अच्छाडचा नाका ओलांडून दोन-चार मैलांवर काम धरणाऱ्या मजुराला ठेकेदारामार्फत गेल्यास त्या कायद्याचं संरक्षण होतं, आणि शंभर किलोमीटरवरच्या भिवंडीला बिऱ्हाड हलवणाऱ्याला नव्हतं. अंतर मोजण्याची ही पद्धत चुकीची होती. भट्टीला परवानगी देताना मालकाला आधी पिण्याचं पाणी, पक्कं छप्पर आणि पाळणाघर दाखवायला लावावं, आणि ते नसेल तर विटा पाडू देऊ नयेत. हे काम पालघर आणि ठाणे जिल्ह्यांच्या प्रशासनाला दिवाळीआधी करता येण्याजोगं आहे.