दुपारपर्यंतचं पेय

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

किहीमच्या पुळणीवर उभं राहिलं की समोर समुद्रात खांदेरी आणि उंदेरी ही दोन बेटं दिसतात. 1679 साली शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला आणि मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली. त्यांनी गलबतं पाठवून बेटाची नाकेबंदी केली, पण काम थांबलं नाही. ते काम ज्याच्या हुकमतीखाली चाललं होतं, त्या दर्यासारंगाचं नाव मायनाक भंडारी. इतिहासाच्या पुस्तकात हे नाव आपण वाचतो आणि पुढे जातो. आज मला या नावातल्या दुसऱ्या शब्दापाशी थोडं थांबायचं आहे.

भंडारी म्हणजे कोकणातली एक मोठी जात. शिलेदारी आणि दर्यावर्दीपणा या दोन्हींत तिचा लौकिक. सतराव्या शतकात इंग्रजांनी मुंबईच्या रक्षणासाठी शिबंदी उभारली तेव्हा तिच्यातही भंडारी होते. म्हणजे खांदेरीच्या दोन्ही बाजूंना तेच! पण या जातीचा पिढीजात धंदा कुठला, असं विचाराल तर उत्तर समुद्रावर नाही, माडावर आहे. माडावर चढायचं आणि माडी उतरवायची.

किहीम-थळपासून अलिबाग, आक्षी, नागाव, चौल करीत रेवदंड्यापर्यंतच्या बागायती पट्ट्याला अष्टागर म्हणतात. नारळी-पोफळीच्या या आगरात माडी घरची होती. माडाची ती माडी, ताडाची ती ताडी, शिंदीच्या झाडाची ती शिंदी. कोकणात आणि गोव्यात ‘सूर’ असंही म्हणतात. गोव्यात ती काढणाऱ्याला रेंदेर म्हणतात. शहरातली माणसं या सगळ्याला सरसकट ताडी म्हणून मोकळी होतात. जाणत्याला ते खपत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. चवी निराळ्या आहेत.

माडी काढणं म्हणजे झाडाला भोक पाडून नळ लावणं नव्हे. माडाचा फुलोरा ज्या म्यानात असतो त्याला पोय म्हणतात. ती उमलायच्या आत दोरीनं गच्च बांधायची, म्हणजे फुटायची नाही. मग रोज तिला हलक्या हातानं ठोकत राहायचं. जोरात ठोकली तर आतला फुलोरा मरतो, आणि पुरेशी ठोकली नाही तर रस वाहत नाही. काही दिवसांनी टोकाचा पातळ काप काढायचा आणि खाली मडकं अडकवायचं. थेंब थेंब रस पडू लागतो. पण कापलेलं तोंड सुकून बंद होतं, म्हणून पुन्हा वर चढून नवा काप द्यायचा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. एका माडासाठी दिवसातून दोन-तीन चढ-उतार, आणि असे कितीतरी माड. पावसात खोड शेवाळलेलं असतं, वारा शेंडा हलवत असतो, आणि पाय टेकायला खोडात पाडलेल्या खाचा तेवढ्या. एवढं करून एका माडाकडून दिवसाला मिळणार लिटर-दीड लिटर.

शिवाय ज्या पोयीची माडी काढली तिला नारळ धरत नाहीत. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता चवीकडे येऊ. माडीच्या दुकानात जायचंच तर एकाच दिवशी दोनदा जावं, असं माझं मत आहे. दुकान म्हणजे तरी काय? कौलाचं नाही तर पत्र्याचं छप्पर, दोन बाकडी, चणे, उकडलेली अंडी, नशीब असेल तर तळलेला बांगडा. सकाळी गेलात तर ग्लासात येतं ते दुधट, गोड, शहाळ्याच्या पाण्याची आठवण करून देणारं. जिभेवर किंचित चुरचुर. दुपारी त्याच मडक्यातली माडी मागा. गोडी ओसरलेली असते, आंबटपणा आलेला असतो, फेस धरलेला असतो आणि वास उग्र झालेला असतो. जुने गिऱ्हाईक हीच पसंत करतात. संध्याकाळ उलटली की ती तोंड वाकडं करायला लावते आणि पुढे तिचा सिरका होतो. तोही वाया जात नाही. गोव्याच्या ख्रिस्ती स्वयंपाकात माडीचा सिरका लागतो, आणि सान्नांचं पीठ सुरेनं फुगवायची चाल आहे.

हे सगळं घडतं ते हवेतल्या आणि मडक्यातल्या जंतूंमुळे. रस मडक्यात पडल्या क्षणी आंबायला सुरुवात होते. आतून चुना लावलेल्या मडक्यात तो धरला तर आंबणं रोखलं जातं, आणि मग त्याला नीरा म्हणायचं. चुना नसेल तर दिवसभरात चार-पाच टक्के मद्यार्क तयार होतो, साधारण बिअरइतका. माडी हे जिवंत पेय आहे. ते साठवता येत नाही, लांब पाठवता येत नाही, आणि उद्यासाठी ठेवता येत नाही. त्यामुळे त्याचं दुकान झाडाच्या जवळच असावं लागतं, आणि गिऱ्हाईक त्याच पाखाडीतलं.

मुंबईच्या इंग्रजाचं पेय याच्या अगदी उलट. लंडनच्या हॉजसन नावाच्या कारखानदाराची बिअर अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पिंपांत भरून हिंदुस्थानात येऊ लागली. चार-सहा महिन्यांचा प्रवास, वाटेत विषुववृत्त ओलांडायचं दोनदा. तीच पिंपं मुंबई बंदरात उतरायची. समोरच्या किनाऱ्यावर मात्र असं पेय होतं की जे मचव्यातून मुंबईला नेईपर्यंत बदलून जाई.

न टिकणाऱ्या, न मोजता येणाऱ्या, हजारो झाडांवर टांगलेल्या या पेयाचं करायचं काय, हा प्रश्न सरकारला पडणारच होता. कर काही इंग्रजांनी नव्यानं आणला नाही. पोर्तुगीज काळातल्या मुंबईच्या वसुलीतही भंडाऱ्यांवरचा कर होताच. आंग्र्यांचं कुलाबा संस्थान 1840 साली इंग्रजांनी खालसा केलं, त्यानंतरही काही वर्षं जुनीच रीत कमीअधिक चालत राहिली. खरी उलथापालथ झाली ती 1878 च्या पाचव्या कायद्यानं, म्हणजे मुंबई इलाख्याच्या अबकारी कायद्यानं. या व्यवस्थेचा शिल्पकार चार्ल्स प्रिचर्ड नावाचा अधिकारी. मीठ, अफू आणि अबकारी यांची सूत्रं त्याच्या हाती होती. ही यादीच पाहा ना! ज्या गोष्टी गरीब माणूस रोज वापरतो त्या सगळ्या एका टेबलावर.

कायद्यानं माडी ही दारूच ठरवली. मग माडी काढायला परवाना, विकायला परवाना, आणि झाडागणिक कर. कर भरलेल्या झाडाला खूण करायची, म्हणजे शिपायाला खालूनच कळावं. पूर्वी भंडारी माडीची भट्टी लावून घरगुती दारू गाळत असत, ती वाट बंद होत गेली. त्याऐवजी पुढे आली ती मोठ्या भट्ट्यांमधली मोहाची दारू. आपल्या या जिल्ह्यातलं उरण हे तिचं मोठं ठाणं. भट्ट्या मुख्यतः पारशी मालकांच्या, आणि मोहाची फुलं थेट गुजरातेतून यायची. पुढे 1892 साली मोहाचा कायदा करून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं गोळा करण्यावरच निर्बंध आले. का? तर डोंगरातल्या कातकऱ्यानं, ठाकरानं स्वतःची दारू गाळू नये, दुकानातून घ्यावी. कमीत कमी खप आणि जास्तीत जास्त महसूल, असं या धोरणाचं गोंडस वर्णन केलं जाई. त्यातलं दुसरं कलम खात्यानं मन लावून पाळलं.

मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. भट्टीची कडक दारू पिंपात भरता येते, मोजता येते, तिच्यावर मोहोर मारता येते. माडीचं तसं नाही. कारकुनाच्या वहीत न बसणारी वस्तू सरकारला नेहमीच संशयास्पद वाटते. त्यामुळे झालं असं, की सौम्य पेय अवघड आणि महाग झालं, आणि कडक पेय सरकारमान्य दुकानात सहज मिळू लागलं.

दारूच्या विरोधात बोलणारे सगळेच सोवळे होते असं समजू नका. जोतीराव फुल्यांनी 1880 साली पुण्याच्या नगरपालिकेकडे वाढत्या दारूच्या गुत्त्यांबद्दल लेखी तक्रार केली होती. गुत्त्यात रोजगार घालवून आलेल्या माणसाच्या घरी चुलीची काय अवस्था होते, ते त्यांना माहीत होतं. केरळात नारायण गुरूंनी तर, ज्या समाजाचा धंदाच ताडी काढण्याचा त्या आपल्याच इळव समाजाला, काढू नका आणि पिऊ नका असं सांगितलं. आपल्याकडेही भंडारी समाज हळूहळू शिक्षणाकडे आणि नोकऱ्यांकडे वळला. त्याच समाजातले सीताराम केशव बोले मुंबईच्या कायदेमंडळात गेले आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा 1923 चा ठराव त्यांनी मांडला. त्याच ठरावाच्या आधारावर 1927 साली, याच कुलाबा जिल्ह्यात, महाडचं चवदार तळं गाजलं. माडावरून उतरलेला समाज कुठवर गेला ते सांगायला हे एक उदाहरण पुरे.

गांधीजींच्या चळवळीत मात्र झाडावरच कुऱ्हाड पडली. 1930 च्या दांडीयात्रेनंतर सुरत जिल्ह्यात ताडी देणारी झाडं तोडण्याचा कार्यक्रम झाला. पुढे काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं आणि 1 ऑगस्ट 1939 पासून मुंबई शहरात दारूबंदी झाली. अबकारी मंत्री होते डॉ. गिल्डर, स्वतः नामांकित हृदयरोगतज्ज्ञ. मंत्रिमंडळ त्याच साली पायउतार झालं आणि बंदी ढिली पडली. स्वातंत्र्यानंतर 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि 1950 पासून संपूर्ण इलाख्यात कडक अंमल सुरू झाला. हा कायदा इतका सोवळा की औषधांतला आणि अत्तरातला मद्यार्कही त्याच्या कचाट्यात सापडला. 1951 च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तेवढा भाग रद्द केला. माडीची बाजू मांडायला मात्र कुणी न्यायालयात गेलं नाही.

इंग्रज सरकारला पैसा हवा होता, स्वदेशी सरकारला नीती. दोघांच्या कायद्याखाली माडावरचा माणूस एकाच जागी येऊन पोचला. नीरा काढा, ताडगूळ करा, असं त्याला सांगण्यात आलं, आणि काहींनी केलंही. साठच्या दशकात महाराष्ट्रात बंदी सैल झाली, परवान्याची माडी पुन्हा आली. पण दहा-पंधरा वर्षं माडावर न चढलेला माणूस पुन्हा चढत नाही, आणि त्याच्या मुलाला तर चढणं शिकवलेलंच नसतं.

अशीच एक कथा इंग्लंडात घडली, तिचा शेवट वेगळा. तिथल्या गल्लीतल्या पबमध्ये तळघरात ठेवलेल्या पिंपात बिअर जिवंत असते, पिंपातच आंबत असते. एल म्हणतात तिला. पिंप उघडलं की तीन-चार दिवसांत संपवावं लागतं, नाहीतर आंबट होतं. मालकाचा हात चांगला असेल तर बिअर चांगली, म्हणून प्रत्येक पबची चव निराळी. साठच्या दशकात मोठ्या कारखान्यांनी गाळलेली, तापवून निर्जंतुक केलेली आणि वायूच्या दाबानं वर येणारी बिअर देशभर पाठवायला सुरुवात केली. ती टिकते, सगळीकडे सारखी लागते, हिशेबाला सोपी. 1971 साली चार मित्र वैतागले आणि त्यांनी खऱ्या एलच्या बचावासाठी संघटना काढली. हां हां म्हणता तिचे हजारो सभासद झाले आणि जिवंत पिंपं वाचली. ज्या देशाच्या अंमलदारांनी आपल्या किनाऱ्यावर झाडं मोजून माडीला जेरीस आणलं, त्याच देशात न टिकणाऱ्या पेयासाठी लोकांनी सभा भरवल्या. आपल्याकडे असं का झालं नाही? माझ्या मते उत्तर जातीत आहे. एल पिणारा आणि एल वाचवणारा एकाच बाकावर बसत होता. आपल्याकडे लिहिणारा-बोलणारा वर्ग माडीच्या दुकानासमोरून मान खाली घालून जात होता.

किहीमला आणखी एक ओळख आहे. 1930 साली नोकरी नसलेला एक तरुण पक्षीशास्त्रज्ञ इथल्या घरात येऊन राहिला आणि त्यानं सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. सालिम अलींचा तो गाजलेला अभ्यास. नर अर्धं घरटं विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तरच संसार मांडते, हे त्यांनी बारकाईनं नोंदवलं. सुगरणीला घरटं टांगायला आवडतात ती झाडं म्हणजे ताड आणि शिंदी. झाड गेलं की त्याच्यावरचं काय काय जातं, हे या किनाऱ्यावर निराळं सांगायला नको.

1981 साली कुलाब्याचा रायगड जिल्हा झाला. बागायतींच्या जागी शनिवार-रविवारचे बंगले आले. बंगल्याच्या आवारात माड असतो, तो शोभेचा. गावातल्या माडावर चढायला माणूस मिळत नाही, आणि मिळाला तर तो नारळ पाडण्याचे पैसे घेतो, दिवसातून तीनदा चढण्याची जोखीम कशाला घेईल? मघाशी सांगितलेली गोष्ट इथे कामाला येते. माडी काढली तर त्या पोयीचे नारळ गेले. शहाळ्याला पर्यटक हवा तो भाव देतो. मालकाचं गणित दोन मिनिटांत सुटतं.

रस कमी आणि गिऱ्हाईक जास्त, अशा ठिकाणी भेसळ शिरते. क्लोरल हायड्रेटसारखं गुंगीचं औषध पाण्यात कालवून ताडी म्हणून विकल्याची प्रकरणं महाराष्ट्रात आणि तेलंगणात वारंवार उघडकीला आली आहेत. त्यात माडाचा एक थेंब नसतो. बातमी मात्र ताडीच्या नावानं छापली जाते, धाडी पडतात, आणि खरी माडी काढणाऱ्या उरल्यासुरल्या माणसाच्या परवान्याची फाइल आणखी एका टेबलावर जाऊन पडते.

तो माणूस अजून आहे, थोडा का होईना. पहाटे त्याच्या कमरेला कोयता असतो. पहिलं मडकं उतरतं तेव्हा उन्हं खांदेरीच्या तटावर आलेली असतात. प्यायला जायचं तर तेव्हा जावं. दुपारनंतर मडकं रिकामं झालं की दुकान बंद होतं.