लपवायचं कोणापासून?

पुण्याला माझ्या ताईच्या अंडाशयाच्या कर्करोगावर उपचार चालू आहेत. गेल्या महिन्यात तिला लालसर रंगाचे औषध सलाईनमधून दिले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "हे चरबीच्या सूक्ष्म बुडबुड्यांत लपवलेलं आहे." रात्री फोनवर ताईने मला विचारले, "अरे, शरीर माझं, औषधही माझ्याचसाठी. मग लपवायचं कोणापासून? तू डॉक्टरेट ना, सांग!" माझी डॉक्टरेट इंजिनिअरिंगची आणि पोटापाण्याचा धंदा सॉफ्टवेअरचा. तेव्हा पुस्तके उघडणे आले. त्यात सापडलेली हकीकत आपल्यालाही सांगावीशी वाटली.

तिची सुरुवात 1882 साली सिसिली बेटावरच्या मेसिना गावी होते. घरची मंडळी सर्कशीला गेलेली असताना एली मेचनिकॉफ हे रशियन प्राणिशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकापाशी बसले होते. त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळ्यांना बागेतल्या गुलाबाचे काटे टोचले. त्या रात्री त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी पाहतात तो काट्याभोवती पेशींचा वेढा! परक्याला घेरून गिळणाऱ्या याच त्या भक्षक पेशी. 1908 चे नोबेल पारितोषिक त्यांना पॉल एर्लिक यांच्यासह विभागून मिळाले.

1903 मध्ये लंडनला आल्मरोथ राइट यांनी दाखवले, की रक्तातली काही द्रव्ये जंतूंना चिकटली की भक्षक पेशी त्यांचा चटकन फडशा पाडतात. या द्रव्यांना त्यांनी 'ऑप्सोनिन' म्हटले. ग्रीक भाषेत 'ऑप्सॉन' म्हणजे चक्क तोंडीलावणे!

पुढे 1960 च्या दशकात केंब्रिजजवळच्या बाब्राहमला अ‍ॅलेक बँगहॅम यांना चरबीच्या रेणूंचे, पोटात पाणी साठवणारे बुडबुडे दिसले. हेच लायपोसोम. त्यांत औषध भरून पाठवण्याची कल्पना लवकरच पुढे आली. पण रक्तात शिरताच बुडबुड्यांना तोंडीलावणे चिकटे आणि यकृत व प्लीहेतल्या भक्षक पेशी ते गिळून टाकत. औषध गाठीपर्यंत पोचायचे कसे?

उपाय निघाला 1990 च्या सुमारास. बुडबुड्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉलची लव चढवली. ती पाणी धरून ठेवते, त्यामुळे द्रव्ये सहज चिकटत नाहीत. असे डॉक्सिल हे औषध अमेरिकेत 1995 साली मंजूर झाले. त्याचा बुडबुडा केसाच्या जाडीच्या सुमारे हजाराव्या भागाएवढा असतो आणि रक्तात दोन-तीन दिवस टिकतो. अर्थात पहारेकरीही वस्ताद. अशा लवदार बुडबुड्यांचा दुसरा डोस प्राण्यांच्या रक्तातून झपाट्याने नाहीसा होऊ शकतो, असे 2000 साली दिसून आले. शरीराने या लवेविरुद्धही प्रतिपिंडे बनवली होती!

मला सर्वांत भावली ती आपल्या मुंबईची गोष्ट. काळ्या आजाराचा परजीवी भक्षक पेशींच्या आतच दडून बसतो. मग बुडबुडे लपवायचे कशाला? त्यांना खुशाल गिळू द्यावे, औषध आपोआप शत्रूच्या घरात पोचते. अँफोटेरिसिन हे औषध जगात अशा रीतीने वापरले गेले. केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली विद्यापीठाच्या साथीने त्याची भारतीय आवृत्ती घडवली.

हे सारे ताईला सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे आपली आजीच की रे! चोर म्हणून पोस्टमनलाही दारातून हाकलायची." कित्येक दिवसांनी ती खळखळून हसली. पुढचा डोस येत्या सोमवारी आहे. आजीची नजर तेवढी चुकू दे, एवढीच प्रार्थना.