चेन्नईचा सेंट जॉर्ज किल्ला आणि कालिकांबाळ मंदिर
चेन्नई : जुन्या मद्रासची सुरुवात समुद्रकाठच्या सेंट जॉर्ज किल्ल्यापासून झाली. ईस्ट इंडिया कंपनीने १६४० च्या सुमारास उभारलेल्या या किल्ल्यात आज तमिळनाडूची विधानसभा व सचिवालय असून १६८० मधील सेंट मेरी चर्चही आहे. मराठी प्रवाशाने मात्र जवळच्या तंबू चेट्टी रस्त्यावरील कालिकांबाळ मंदिर चुकवू नये. दक्षिण दिग्विजयाच्या काळात, ३ ऑक्टोबर १६७७ रोजी, छत्रपती शिवाजी महाराजांनी या देवीचे दर्शन घेतले, असे मंदिराची परंपरा सांगते. कंपनीच्या दप्तरातील नोंद वेगळीच आहे : त्याच वर्षी मे महिन्यात महाराजांनी किल्ल्यातील इंग्रजांकडून औषधे आणि विषावरील उतारे मागविले होते.